मोठा टायर, कंपनीची रिम

महागडी एसयूव्ही घेणारा माणूस पहिला टायरचा संच झिजेपर्यंत टायरकडे सहसा बघत नाही. तो झिजला की मात्र एक प्रश्न हमखास निघतो. रिम कंपनीचीच ठेवून टायर थोडा मोठा घातला तर? गाडी भारदस्त दिसेल, खड्ड्यात कमी आपटेल, कच्च्या रस्त्यावर पोट घासणार नाही आणि नव्या अलॉयचा खर्चही वाचेल. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देशांतल्या गाडीवेड्यांनी हा प्रश्न बरीच वर्षं घोळवला आहे. आपल्याकडे तो आता ऐकू येतो, कारण अशा गाड्या आता पुण्या-मुंबईबाहेर कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरीतही दिसतात आणि रस्ते त्यांच्या टायरांची रोज परीक्षा घेतात.

माझं मत आधीच सांगतो. कंपनीच्या रिमवर टायर मोठा करायचा असेल तर त्याची उंची वाढवावी, रुंदी आहे तीच ठेवावी. उंचीही तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत वाढवली तर आपण फक्त टायर बदलला असं म्हणता येतं. त्याच्या पुढे गेलो की ब्रेक, गिअर, सस्पेंशन आणि संगणक या सगळ्यांना त्या टायरशी जुळवून घ्यावं लागतं, आणि त्याची किंमत कुठे ना कुठे भरावी लागते.

उदाहरणाला लेक्सस जीएक्स ४६० घेऊ. ही गाडी २०१० ते २०२३ या मॉडेलवर्षांत अमेरिकेत विकली गेली. भारतात ती अधिकृतपणे आली नाही, पण तिची सख्खी बहीण, म्हणजे टोयोटाची १५० मालिकेतली प्राडो, आपल्याकडे काही काळ आयात होऊन विकली जात होती. वरून चामडी सीटा आणि लाकडी ट्रिम, खाली शिडीसारखी पक्की चासी, मागे अखंड ॲक्सल, ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि कायम चारही चाकांना जाणारी ताकद, अशी ही गाडी आहे. आलिशान गाडीच्या कपड्यातली रांगडी गाडी असल्यामुळे मोठ्या टायरांचे प्रयोग तिच्यावर भरपूर झाले. तिचा मूळ टायर २६५/६० आर १८. आपल्या ओळखीच्या फॉर्च्युनरच्या फोर बाय फोर मॉडेलला हाच आकार येतो, त्यामुळे पुढचा बराचसा हिशेब फॉर्च्युनरवाल्यांनाही लागू पडतो.

हा आकार वाचायचा कसा? २६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५९ मिमी. १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. वरची भिंत, खालची भिंत आणि मधली रिम यांची बेरीज केली की टायरचा पूर्ण व्यास निघतो : ७७५ मिमी, म्हणजे साधारण साडेतीस इंच. आता त्याच रिमवर २६५/६५ घातला तर व्यास ८०२ मिमी होतो, वाढ साडेतीन टक्क्यांच्या आतली. २७५/६५ घातला तर ८१५, म्हणजे पाच टक्के. आणि ज्याच्यामागे सगळे धावतात तो २८५/६५ घातला तर ८२८ मिमी, जवळजवळ सात टक्के. याच शेवटच्या आकाराला लोक ढोबळमानाने ‘तेहतीस इंची’ म्हणतात.

व्यास ५३ मिमीने वाढला तरी गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, २६ मिमी. हा आकडा ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. पण या २६ मिमीचं मोल वेगळं आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत मागच्या डिफरन्शियलचा गोळा हा जमिनीला सर्वांत जवळचा भाग असतो. स्प्रिंग बदलून, लिफ्ट किट घालून गाडीचं अंग कितीही वर चढवा, तो गोळा जिथे होता तिथेच राहतो. त्याला वर उचलणारी वस्तू एकच, टायर. म्हणून ज्याला खरोखर दगडधोंड्यांच्या वाटेने जायचं आहे त्याच्यासाठी मोठ्या टायरची मागणी रास्त आहे. ती नुसती दिखाव्याची हौस आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अडचण सुरू होते ती रिमच्या रुंदीपासून, आणि नेमकी हीच गोष्ट दुकानात कुणी बोलत नाही. या गाडीची मूळ रिम साडेसात इंच रुंद आहे. प्रत्येक टायरसाठी किमान आणि कमाल रिम-रुंदी ठरलेली असते आणि टायर कंपनीच्या तक्त्यात ती छापलेली असते. २६५/६५ आर १८ साडेसात इंचाच्या रिमवर चालतो. २७५/६५ अगदी काठावर बसतो. २८५/६५ला सर्वसाधारणपणे किमान आठ इंच रुंदी लागते. म्हणजे सर्वांत लोकप्रिय आकार कंपनीच्या रिमवर मुळात मंजूरच नाही. तरी तो बसतो, हवाही धरतो, म्हणून लोक घालतात. पण रिम अरुंद पडली की टायरच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात आणि माथा किंचित फुगीर होतो. मग मधला पट्टा आधी झिजतो, वळणावर भिंत जास्त डुलते आणि स्टिअरिंगला एक सैलपणा येतो, जो अलाइनमेंट कितीदा केलं तरी जात नाही.

त्यापेक्षा २६५/७० आर १८ बघा. भिंत १८५.५ मिमी, पूर्ण व्यास ८२८ मिमी. म्हणजे २८५/६५ इतकाच उंच, पण रुंदी मूळचीच आणि साडेसात इंचाची रिम त्याला मंजूर. रुंदी तीच असल्याने टायरची आतली भिंत सस्पेंशनच्या अप्पर आर्मकडे सरकत नाही, कंपनीच्या रिमवर तिथली जागा आधीच बेताची असते. लेक्ससने २०२४च्या मॉडेलवर्षी नवी जीएक्स ५५० आणली, तेव्हा तिच्या ‘ओव्हरट्रेल’ या खडतर वाटांसाठीच्या आवृत्तीला कारखान्यातूनच हा २६५/७० आर १८ दिला. उंची हवी होती तेव्हा त्या अभियंत्यांनी उंची घेतली आणि रुंदीला हात लावला नाही. मात्र त्यासाठी चाकाची कमान, सस्पेंशन, ब्रेक आणि गिअर हे सगळं त्या टायरच्या हिशेबाने आखलं. जुन्या गाडीवर तोच टायर चढवणाऱ्याने हा दुसरा भाग विसरू नये.

उंच आणि अरुंद टायरची परंपरा जुनी आहे. विलीज जीपचा ६.००-१६ टायर आपल्याकडच्या महिंद्राच्या जीपांना वर्षानुवर्षं होता, आणि घाटमाथ्यावरच्या चिखलाच्या वाटा तो बिनतक्रार चढत असे. लँड क्रूझरच्या ७० मालिकेतल्या कामकरी गाड्या ७.५० आर १६ वर वाळवंटं तुडवत राहिल्या. वाळूत रुंद टायरच लागतो असा एक समज आहे. वाळूत टायरची हवा कमी केली की जमिनीला टेकणारा त्याचा पट्टा मुख्यतः लांबीला वाढतो, रुंदीला फार थोडा. टायर जितका उंच तितका हा पट्टा लांब. रुंद टायरने गाडी ऐटदार दिसते हे खरं, पण भर पावसात पाण्याच्या थरावर तरंगायला तोच आधी लागतो.

आता जागेचा प्रश्न. पुण्यात एका जुन्या टायरवाल्याकडे मी एका प्राडोला मोठे टायर चढताना पाहिले. मालक खूश होता, कारण गाडी उभी असताना चाक आणि मडगार्डमध्ये हात जाईल इतकी जागा दिसत होती. मिस्त्री म्हणाला, “साहेब, उभ्या गाडीला सगळेच टायर बसतात. जरा थांबा.” त्याने पुढच्या चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या लायनरला, मडफ्लॅपला आणि चाकाच्या मागे चासीला जोडलेल्या बॉडी माउंटच्या कडेला खडू चोळला. मग पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवायला लावलं, स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं आणि गाडी हळूच मागे घ्यायला लावली. खाली उतरवल्यावर टायरच्या खांद्यावर खडूचे दोन पांढरे पट्टे होते, एक बॉडी माउंटकडचा आणि एक बंपरच्या आतल्या कोपऱ्याचा. “हे बघा, हा इथे लागतोय. घाटात यू टर्न घेताना आवाज येईल, आणि गाडीत पाच माणसं आणि सामान असलं की जास्त येईल.” ही तपासणी पंधरा-वीस मिनिटांची आहे. टायर विकत घ्यायच्या आधी ती एका चाकावर करून घ्यावी, आणि जो दुकानदार तिला नाही म्हणतो त्याच्याकडून टायर घेऊ नयेत.

टायर असा घासतो तेव्हा उपाय पायरीपायरीने येतात. आधी मडफ्लॅप काढतात. मग लायनर गरम हवेने नरम करून पुढे दाबतात. मग अलाइनमेंटमध्ये कॅस्टर वाढवून चाक चार-पाच मिलिमीटर पुढे सरकवतात. हा उपाय चांगला आहे, कारण बॉडी माउंटपाशी जागा मिळते आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंगही स्थिर राहतं. एवढं करूनही भागलं नाही तर अमेरिकेत बॉडी माउंटचा कोपरा कापून त्यावर पत्रा वेल्ड करण्याची पद्धत सर्रास आहे. ती मला पटत नाही. गाडीचं अंग चासीला जिथे धरलेलं आहे तोच हा जोड आहे. पावसाळी हवेत उघडा वेल्ड किती दिवस गंजाविना टिकेल हा प्रश्न वेगळाच.

इथे मूळ रिमचा एक मोठा फायदा लक्षात घ्यायला हवा. बाजारातल्या कमी ऑफसेटच्या अलॉय घातल्या की चाक बाहेर येतं. गाडी रुंद दिसते, पण वळताना चाक मोठ्या कमानीतून फिरतं आणि बॉडी माउंटला आणि बंपरला आधी लागतं. कंपनीच्या रिमवर चाक आत राहतं, त्यामुळे तोच टायर तिथे कमी घासतो, शिवाय व्हील बेअरिंगवर आणि बॉलजॉइंटवर जादा ओढ येत नाही. रिम आणि हब यांच्यामध्ये स्पेसर घालून आतली जागा वाढवणारे हा सगळा फायदा स्वतःच घालवून बसतात.

वजनाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. मूळचा रस्त्यावरचा टायर सोळा-सतरा किलोच्या आसपास असतो. मोठ्या आकारातले जाड भिंतीचे ऑल-टेरेन टायर, विशेषतः ‘एलटी’ म्हणजे लाइट ट्रक वर्गातले, चाकामागे आठ-दहा किलोंनी जड निघतात. हे वजन सस्पेंशनच्या खालचं, आणि तेही चाकाच्या परिघावरचं. ते फिरवायला ताकद लागते आणि थांबवायलाही. पिकअप मंदावल्याची तक्रार त्यामुळेच येते. त्यात चाक सात टक्के मोठं झाल्याने सगळे गिअर तितकेच लांब होतात. हायवेला इंजिन कमी फिरतं म्हणून सुरुवातीला बरं वाटतं. घाट लागला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वरचा गिअर पकडावा की खालचा या पेचात पडतो आणि एकसारखा वर-खाली करत राहतो. तेल तापतं. लो रेंजमध्येही गाडी पूर्वीइतकी सावकाश सरपटत नाही, म्हणजे ज्या कामासाठी टायर घेतले तिथेच थोडं नुकसान. अमेरिकेत लोक डिफरन्शियलचे गिअर बदलून हे भरून काढतात. मोठा खर्च करून एक टायर बदलायचा आणि त्याच्यासाठी आणखी मोठा खर्च करायचा, हे कुठे थांबणार याचा विचार आधीच केलेला बरा.

ब्रेकचा हिशेब साधा आहे. ब्रेक चाकाच्या मध्यापाशी पकडतो, रस्ता टायरच्या कडेला. ही दोन टोकं जितकी लांब तितका तोच पाय दाबून मिळणारा रोध कमी. सात टक्के मोठ्या चाकावर तो सहा टक्क्यांहून जास्त घटतो. एकदा जोरात ब्रेक मारायचा असेल तर या गाड्यांच्या ब्रेकमध्ये तेवढी शिल्लक असते. खरी कसोटी लांब उतारावर लागते. आंबोली किंवा वरंधा भरल्या गाडीने उतरताना डिस्क तापतात आणि तीच शिल्लक हळूहळू संपते.

स्पीडोमीटरचं तुलनेने सोपं आहे. २८५/६५ किंवा २६५/७० घातला आणि काटा १०० दाखवत असला तर गाडी ताशी सात किलोमीटरच्या आसपास जास्त धावत असते. कारखान्यातून येणारा काटा सहसा थोडा चढवून दाखवतो, कारण खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला नियमांची बंदी असते. त्यामुळे एक पायरी मोठा टायर घातला तर काटा उलट खऱ्याच्या जवळ येतो. दोन-तीन पायऱ्या चढलात तर तो खालच्या बाजूला चुकतो, आणि स्पीड कॅमेऱ्यापुढे ही सबब चालत नाही. ओडोमीटरही कमी मोजतं. १०,००० किलोमीटर दिसले तेव्हा गाडी १०,६८० चाललेली असते. सर्व्हिसला उशीर होतो आणि ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. मोठ्या टायरने ॲव्हरेज खूप पडलं असं सांगणारे पुष्कळजण हा गुणाकार करत नाहीत. ते पडतं हे खरं, पण बोलण्यात ऐकू येतं तितकं नाही.

जीएक्सच्या बाबतीत एक घटना विसरता येत नाही. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने जीएक्स ४६० वर ‘घेऊ नका, सुरक्षिततेला धोका’ असा शिक्का मारला. त्यांच्या चाचणीत वेगाने वळण घेताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग बाहेर सरकत होता, आणि त्याला आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उशिरा जागी होत होती. टोयोटाने विक्री थांबवली, नऊ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचं सॉफ्टवेअर बदललं. नंतर पुन्हा चाचणी झाली आणि मे महिन्यात तो शिक्का उठला. गाडीचा एकही धातूचा भाग बदलला नव्हता. चाकं, स्प्रिंगा, टायर सगळे तेच. बदललं होतं ते ब्रेक कधी आणि किती दाबायचा याचं गणित.

हे गणित मूळ टायर गृहीत धरून बांधलेलं असतं. चाक किती फिरलं यावरून संगणक वेग काढतो, स्टिअरिंग किती वळलं ते बघतो, आणि या वेगाला एवढ्या वळणावर गाडी किती फिरायला हवी याचा अंदाज बांधतो. चारही टायर सारखे असतील तर एबीएस फारसा गोंधळत नाही, कारण तो चाकांची एकमेकांशी तुलना करतो. पण स्टॅबिलिटी कंट्रोलचा वेगाचा अंदाज आता सहा-सात टक्के कमी असतो, टायरची पकड आणि भिंतीचा ताठरपणा वेगळा असतो, आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. गाडी उलटण्याला किती विरोध करते याचं एक साधं माप आहे. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. गुरुत्वमध्य पाऊण मीटरवर असेल तर २६ मिमी वाढ म्हणजे हे माप साडेतीन टक्क्यांनी कमी. टायरला जागा व्हावी म्हणून त्याच्यासोबत दोन इंचांची लिफ्ट घातली तर जवळजवळ दहा टक्के. ज्या गाडीचं सॉफ्टवेअर एकदा निर्मात्याच्याच हातून कमी पडलं होतं, तिच्या बाबतीत हा आकडा मी हलक्यात घेणार नाही.

टायर आणि हवेचा दाब यांचं नातं चुकलं की काय होतं याचा धडा अमेरिकेने त्याआधी दहा वर्षं घेतला होता. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोररवर होते. टायरचा माथा सुटून गाड्या उलटत होत्या, आणि गाडीसाठी सुचवलेला २६ पीएसआयचा कमी दाब योग्य होता का, यावरून दोन कंपन्यांमध्ये मोठा वाद झाला. त्यातूनच नवा कायदा आला, आणि पुढे २००७ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनात टायरचा दाब घटल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. मोठा टायर घेणाऱ्याने यातून एक गोष्ट उचलावी. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला मूळ टायरपेक्षा जास्त हवा लागते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेला दाब मूळ टायरसाठी आहे. एलटी घातल्यावरही तोच ठेवला तर टायर आतून तापत राहतो. पाच-सात पीएसआय तरी जास्त लागतात, आणि नेमका आकडा टायर कंपनीच्या वजन-दाबाच्या तक्त्यातून काढावा. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र जुन्याच हिशेबाने लागेल. तो लागेल तेव्हा उशीर झालेला असेल.

आपल्याकडचा मोठा वर्ग मात्र या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने येतो. त्याला दगडात जायचं नसतं. त्याची गाडी बीएमडब्ल्यू, ऑडी, रेंज रोव्हर किंवा डिफेंडर असते, रिम २० ते २२ इंची, भिंत जेमतेम पाच इंच. महामार्गावरच्या एका खड्ड्यात भिंतीवर फुगा येतो आणि एका टायरचे तीस-चाळीस हजार जातात. म्हणून त्याला त्याच रिमवर जाड भिंत हवी असते. मागणी समजण्यासारखी आहे, पण या गाड्यांत जागा अजून कमी असते. यांतल्या अनेकांत पुढच्या चाकाला धरणारा नकल टायरच्या माथ्यावरून वळून गेलेला असतो. टायर उंच झाला की तो लायनरला लागण्याआधी या लोखंडाला लागतो, आणि तिथे खडू चोळून, लायनर दाबून काही होत नाही. एअर सस्पेंशन असेल तर माणसं चढण्या-उतरण्यासाठी गाडी सर्वांत खाली बसते त्या अवस्थेतही टायर सुटा फिरला पाहिजे.

त्यात चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेची अट येते. बीएमडब्ल्यूच्या एक्स५ वर आधीच्या पिढ्यांत पुढे २७५/४० आर २० आणि मागे ३१५/३५ आर २० असे वेगवेगळे टायर येत. हिशेब करून बघा, पुढचा व्यास ७२८ मिमी, मागचा ७२८.५. इतक्या वेगळ्या रुंदीचे टायर देतानाही फरक अर्ध्या मिलिमीटरवर आणून ठेवला होता. पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळ्या गतीने फिरलं की मधल्या ट्रान्सफर केसमधला क्लच सतत घासत राहतो. म्हणून टायर बदलायचे तर चारही, एकाच आकाराचे आणि एकाच झिजेचे.

अशा मालकांना मी उलटा रस्ता सुचवतो. व्यास तोच ठेवावा आणि रिम लहान करावी. डिफेंडरच्या बाबतीत कंपनीनेच तो आखून दिला आहे. २५५/६० आर २०, २५५/६५ आर १९ आणि २५५/७० आर १८ या तिन्हींचा व्यास ८१४ मिमीच्या आसपास. २२ इंची रिमवरच्या २७५/४५ टायरची भिंत १२४ मिमी, १८ इंचीवर १७८. खड्ड्यापुढे ५४ मिमी जास्तीचं रबर, आणि स्पीडोमीटर, गिअर, संगणक, कशालाच धक्का नाही. कोणत्या इंजिनाच्या गाडीला १८ इंची रिम चालते हे तिच्या ब्रेकच्या आकारावर अवलंबून असतं, ते शोरूममध्ये लेखी विचारून घ्यावं. नव्या रिमचा खर्च आहेच. दर पावसाळ्यात एक-दोन टायर फेकण्यापेक्षा तो परवडतो.

कायद्याचं चित्र देशोदेशी वेगळं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नियमावलीत चारचाकी ताकदीच्या ऑफ-रोड गाड्यांना मूळ आकारापेक्षा ५० मिमीपर्यंत मोठा व्यास चालतो. २६५/६० आर १८ वरून २८५/६५ वर गेलात की वाढ साडेबावन्न मिमी, म्हणजे अडीच मिलिमीटरने मर्यादेबाहेर. त्यामुळे २७५/६५ ही तिथली नियमात बसणारी निवड. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा, पण १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. केवळ टायर बदलला म्हणून सगळी वॉरंटी झटकता येत नाही, बिघाड त्या टायरमुळेच झाला हे कंपनीला दाखवावं लागतं.

भारतात मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अशी तरतूद आली. रस्त्यावर पोलीस टायरचा आकार वाचत बसत नाहीत, म्हणून लोक निर्धास्त असतात. अपघात झाला की विम्याचा सर्वेअर मात्र तो वाचतो, आणि दुसऱ्याचा जीव गेला असेल तर न्यायालयही वाचेल. आपल्या मॉडेलच्या दुसऱ्या एखाद्या आवृत्तीला कंपनी जे आकार देते ते मॅन्युअलमध्ये छापलेले असतात. त्यांतला सर्वांत उंच आकार निवडणं हा आपल्याकडे बिनधोक मार्ग आहे, आणि अनेक गाड्यांत तोही रस्त्याच्या गरजेला पुरतो.

राहिली स्टेपनी. चार मोठे टायर घेणारा पाचव्याचे पैसे वाचवतो, आणि जीएक्ससारख्या गाडीत ही बचत महागात पडते. तिची ताकद कायम चारही चाकांना जाते, मध्ये टॉर्सन डिफरन्शियल असतं. तीन चाकं ८२८ मिमीची आणि एक ७७५ चं असलं की ते डिफरन्शियल प्रत्येक फेरीला फरक भरून काढत राहतं. पंक्चरवाल्यापर्यंत दोन किलोमीटर हळू जायला हरकत नाही, पण रात्री आंबा घाटातून कोल्हापूर गाठायचं असेल तर ते चालणार नाही. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. मोठा टायर तिथे बसतो का, साखळी पूर्ण ओढली जाते का, एक्झॉस्टला टेकतो का, हे दुकानातच गाडी वर घेऊन बघावं. बसत नसेल तर एक पायरी लहान आकाराचे पाच टायर घ्यावेत.